गजापासून ट्रॅकपर्यंत

पावसाळा तोंडावर आला की शहरांतल्या सोसायट्यांमध्ये ग्राइंडरचा कर्कश आवाज सुरू होतो. कुणाच्या तरी घरातली जुनी खिडकी कापून निघत असते. गेल्या पावसात ती गळली, गंजली किंवा आता नुसती जुनाट दिसते, म्हणून तिच्या जागी ॲल्युमिनियमची नाहीतर यूपीव्हीसीची सरकती खिडकी येणार असते. घरमालक दर काढतो, रंग निवडतो, काच साधी घ्यायची की टफन यावर घरात चर्चा होते. जुनी खिडकी कोणकोणती कामं करत होती, हा विषय मात्र निघत नाही. उजेड आत घ्यायचा, वारा खेळवायचा, पाऊस आणि चोर बाहेर ठेवायचे, रस्त्यावरच्या नजरेला आवर घालायचा, ही ती पाच कामं. कोणत्या काळात ती कुणाकडे होती ते पाहिलं, की नवी खिडकी घेताना काय मागायचं ते आपोआप समजतं.

सुरुवात कार्ल्यापासून करायला हरकत नाही. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रचंड कमान आहे. दरवाजांच्या डोक्यावरची ही एक खिडकी आत पार टोकाला असलेल्या स्तूपापर्यंत प्रकाश पोचवते. लेणं कातळातलं, पण घडण लाकडी इमारतीची, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ लाकूडकामाचा काही भाग अजून टिकून आहे. या खिडकीला गज नाहीत, झडप नाही. तिच्याकडे काम एकच, उजेडाचं.

राहत्या घराला एवढी चैन परवडणारी नव्हती. पेशवाईतल्या वाड्याची रस्त्याकडची भिंत जाड आणि खालच्या मजल्यावर जवळजवळ बंदच असायची. वारा आणि उजेड आतल्या चौकातून यायचा. खिडकीला मोकळीक मिळाली ती वरच्या मजल्यावर. पुण्याच्या सदाशिव पेठेतला दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पाहावा; नक्षीदार लाकडी सज्जाचा सगळा थाट वरच्या अंगाला आहे.

जुन्या वाड्यांतली माडीवरची खिडकी जवळून पाहिली, तर ती जमिनीपासून फार उंच नसते. माणसं जमिनीवर बसत, पाटावर किंवा सतरंजीवर, त्यामुळे वारा तिथेच लागायला हवा. झडपा बहुधा चार: दोन खाली, दोन वर. दुपारी आडवं व्हायचं असेल तर खालच्या दोन उघडायच्या. समोरच्या माडीवर वर्दळ असेल तर खालच्या मिटून वरच्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे उजेड येतो आणि आतलं माणूस दिसत नाही. चौकटीत उभे लोखंडी गज, आत सागवानी झडप, कडी-कोयंडा, आणि वर पुढे आलेली वळचण. चोराचं काम गजाकडे, नजरेचं झडपेकडे, पावसाचं वळचणीकडे. प्रत्येक कामाला वेगळा अवयव होता, आणि एक बिघडला तरी बाकीचे चालू राहत.

उणीव एकच होती. आडव्या पावसात झडप लावली की भरदिवसा खोलीत अंधार. गोव्यातल्या घरांनी यावर सुरेख तोड काढली होती. तिथे लाकडाच्या बारीक पट्ट्यांमध्ये सपाट, पातळ शिंपल्यांचे चौकोन बसवत. त्यातून आरपार दिसत नाही, पण दुधी, थंड प्रकाश आत झिरपतो. खिडकी मिटलेली असतानाही घर उजळ राहतं. काच महाग आणि दूरवरून येणारी होती, त्या काळातली ही सोय.

काच इथे बनवण्याची धडपड पुढे स्वदेशीच्या लाटेत झाली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. खिडकीचं तावदान सामान्य घराच्या आवाक्यात यायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

तोपर्यंत मुंबईत खिडकीचा प्रश्न जिवाशी आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. दाटीवाटीच्या चाळींत मधल्या खोल्यांना खिडकीच नसायची. असली तरी ती हातभर रुंदीच्या घाणेरड्या बोळात उघडायची. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर सरकारी माणसं ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवून जात. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या कारभारातून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. इमारतीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेघ काढली, तर समोरची इमारत त्या रेघेच्या आड येता कामा नये. हिशेब सोपा आहे: समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळं हवं. खिडकी असणं पुरेसं नाही, तिच्यासमोर आकाशही हवं, ही गोष्ट तेव्हा कागदावर आली.

१९३० नंतर आरसीसीचा वापर वाढला आणि वळचणीला नवा वारस मिळाला. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारतींवर खिडक्यांच्या वरून कोपरा वळसा घालून जाणारे सिमेंटचे पातळ छज्जे दिसतात. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या छज्ज्यांची नक्षी देखणी आहेच, पण त्यांचं खरं काम दुपारचं ऊन आणि सरीचा पहिला मारा अडवणं. छज्जा असला की पावसातही पल्ला थोडा किलकिला ठेवता येतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारी वसाहतींपासून मध्यमवर्गीय सोसायट्यांपर्यंत लोखंडी सेक्शनच्या खिडक्या आल्या. बाहेर उघडणारे दोन पल्ले, पुट्टीत बसवलेली काच, पल्ला हवा तेवढा उघडा ठेवायला भोकं पाडलेली पट्टी, आणि वर एक छोटं व्हेंटिलेटर. पल्ले सताड उघडले की पूर्ण खिडकी मोकळी. दर दोन-तीन वर्षांनी रंग हवा. तो चुकला की खालच्या पट्टीत पाणी मुरायचं, लोखंड फुगायचं आणि काचेला तडा जायचा.

या खिडकीला हटवलं ते गंजाइतकंच ग्रिलनेही. चोरीच्या भीतीने प्रत्येकाने ग्रिल बसवलं आणि बाहेर उघडणारा पल्ला ग्रिलला अडू लागला. सरकत्या खिडकीला ही अडचण नव्हती. तिला रंग नको, ती गंजत नाही, बाहेर जागा खात नाही, एसीसाठी नीट बंद होते. म्हणून ती घराघरांत गेली. पण तिने घेतलेला मोबदला कुणी मोजला नाही. दोन ट्रॅकच्या खिडकीत एक पल्ला नेहमी दुसऱ्याच्या मागे असतो, म्हणजे उघडते ती निम्मीच. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश खिडकी मागते. एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला वीस चौरस फूट. चार बाय पाचची सरकती खिडकी मापात बरोबर बसते आणि वाऱ्याला दहाच चौरस फूट देते. वरचं व्हेंटिलेटर गेलं, पुष्कळ नव्या इमारतींत छज्जाही गेला, आणि पाचही कामं एका सरकत्या काचेच्या गळ्यात पडली.

म्हणून नवी खिडकी बसवताना काय होणार आणि काय मागायचं, ते आधी ठाऊक असावं. फॅब्रिकेटर माप घेताना रुंदी खाली, मध्ये आणि वर, तसंच उंची दोन्ही कडांना आणि मध्ये मोजतो का, ते पाहा. जुन्या भिंती गुणियात नसतात. एकाच जागी टेप लावून गेलेला माणूस पुढे फटी सिलिकॉनने बुजवणार हे नक्की. जुनी चौकट भिंतीत होल्डफास्टने रुतलेली असते. ती काढताना कडेचं प्लास्टर निघतंच, तेव्हा गवंडीकाम आणि रंगाचा टचअप दरात आहे की वेगळा, हे आधीच बोलून घ्या. धूळ घरभर होते, पलंग-कपाटं झाका.

सगळ्यात महत्त्वाचा भाग खाली असतो. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा. खालच्या ट्रॅकमध्ये बारीक भोकं असतात; पल्ल्यावरून ओघळलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. कामाच्या गडबडीत हीच भोकं सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजतात. मग जुलैत ट्रॅक पन्हळीसारखा भरतो आणि पाणी आतल्या भिंतीवर उतरतं. दोष खिडकीला लागतो, चूक बसवणाऱ्याची असते.

वारा हवा असेल तर तीन ट्रॅक आणि तीनही काचेचे पल्ले घ्या, दोन तृतीयांश उघडते. तिसऱ्या ट्रॅकवर जाळी घेतली तर वारा पुन्हा निम्म्यावर येतो. ग्रिल नसेल तिथे जुन्यासारखे उघडमीट पल्ले आजही ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी दोन्हींत मिळतात. वर छोटं उघडणारं तावदान मागून घ्या. रात्री पावसात मोठी खिडकी बंद ठेवूनही हवा हलती राहते. बॉक्स ग्रिल असेल तर त्यात आतून उघडणारं दार ठेवाच. आगीच्या वेळी सुटकेची वाट तीच. छज्जा नसेल तर तो कसा घेता येईल, हे सोसायटीला आणि वास्तुविशारदाला विचारा, स्वतःच्या मनाने पत्रा ठोकू नका.

आणि काम संपलं म्हणून लगेच पूर्ण पैसे देऊ नका. खिडकी बंद करून सुरक्षित जागेवरून पाइपने बाहेरच्या अंगाला भरपूर पाणी मारा. पाणी भोकांतून बाहेर पडलं आणि आतली भिंत कोरडी राहिली, तरच शेवटचा हप्ता हातावर ठेवा.