नाशिकची मुले आणि लिव्हिंग्स्टनची खाट



ऑक्टोबरमधला मिशन रविवार जवळ आला की आमच्या डभोईत दोन गोष्टी हमखास घडतात. पाऊस ओसरतो, साचलेल्या पाण्यावर डास होतात आणि घरोघरी कोणीतरी थंडीतापाने आडवे पडते. आणि दानाची पाकिटे वाटताना कोणीतरी विचारतेच, "आपल्याकडे एवढे आजारी असताना पैसे आफ्रिकेला कशाला?" मागच्या खेपेस धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने हेच विचारले. "सगळी देवाची लेकरे" एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. तिचे समाधान झाले नाही, आमचेही नाही. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आफ्रिका आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. नर्मदेपलीकडे झगडिया तालुक्यातल्या रतनपूरला सिद्दी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आणि मराठी ख्रिस्ती माणसाचे आफ्रिकेशी नाते सांगायचे, तर नाशिकपासून सुरुवात करावी लागते.

नाशिकचा शरणपूर रोड अनेकांनी पाहिला असेल. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, तेव्हा सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरत. त्यांतली कित्येक शरणपूरला आली. तिथे ती वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, प्रार्थना करायला शिकली. आईबापांचे गाव कुठे होते हे त्यांच्यातल्या अनेकांना आठवतही नसेल. गोदाकाठची मराठी मात्र त्यांच्या कानावर रोज पडत असणार. इंग्रज त्यांना "नासिक बॉइज" म्हणत.

1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत होते. आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाची तयारी चालली होती. शरणपूरच्या तरुणांपैकी काही त्यांच्याबरोबर निघाले. 1866 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीत नाशिकचे नऊ जण होते. शिवाय चुमा होता. त्याला लिव्हिंग्स्टननीच गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते, आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. आणि सुसी होता, नाव अब्दुल्ला, धर्माने मुस्लिम.

हिवतापाने लिव्हिंग्स्टनचे घर आधीच मोडले होते. 1862 मध्ये झांबेझी नदीकाठी शुपांगा इथे त्यांची पत्नी मेरी याच तापाने गेली. स्वतः ते डॉक्टर. क्विनाइनमध्ये रेचक औषधे मिसळून त्यांनी गोळ्या तयार केल्या होत्या. हे क्विनाइन मुळात दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतले. सतराव्या शतकात पेरूतल्या येशूसंघीयांनी ती साल रोमला पोहोचवली, तिला "येशूसंघीयांची साल" असेच नाव पडले, आणि त्या नावामुळेच प्रोटेस्टंट देशांत बराच काळ तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. कॅथलिकांनी आणलेली साल अखेर एका स्कॉटिश प्रोटेस्टंटाच्या पेटीत बसली, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

ती पेटी जानेवारी 1867 मध्ये गेली. दोन हमाल सामानासह पळाले, त्यात औषधांची पेटी होती. आपल्याला मृत्युदंडच सुनावला गेला, असे लिव्हिंग्स्टनना वाटले. त्यानंतर ते सहा वर्षे जगले खरे, पण वारंवार येणाऱ्या तापाने पोखरत गेले. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडायला अजून अवकाश होता. रोनाल्ड रॉस यांनी ते सिकंदराबादला पाहिले, 1897 मध्ये.

दरम्यान 1872 मध्ये शरणपूरचे आणखी काही तरुण मदतीला पोहोचले. जेकब वेनराइट आणि कॅरस फेरार त्यांतले. शेवटच्या दिवसांत लिव्हिंग्स्टनना चालवेना. मग या माणसांनी लाकडाची खाट बांधली आणि गुडघाभर, कमरेभर पाण्यातून त्यांना खांद्यावरून नेले. मार्काच्या शुभवर्तमानातला, चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षघाती इथे आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की इथला रोगी उठून चालू लागला नाही. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत ते मृत सापडले. हिवताप आणि आतड्यांच्या रक्तस्रावाने शरीर संपले होते.

पुढे जे झाले ते मुलांना सांगताना वर्ग एकदम शांत होतो. हृदय तिथेच झाडाखाली पुरले. दफनाची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली, झाडावर नाव त्यानेच कोरले. देह मीठ लावून उन्हात सुकवला, सालीत गुंडाळला, आणि हे लोक तो घेऊन समुद्राकडे निघाले. हजार मैलांहून अधिक वाट. वाटेत त्यांच्यातलेच काही दगावले. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोला पोहोचले. तिथे देह स्पिरिटन संघाच्या कॅथलिक मिशनमध्ये ठेवला गेला.

18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा पेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत एकच आफ्रिकन होता: नाशिकला शिकलेला जेकब. चुमा आणि सुसी यांना मात्र कोणी वेळेवर बोलावलेच नाही, ते दफन होऊन गेल्यावर इंग्लंडला पोहोचले. हे वाचून आम्हाला अजूनही राग येतो.

पुस्तके लिव्हिंग्स्टनवर लिहिली गेली. खाट वाहणाऱ्यांची नावे तळटीपेत राहिली. आजही आफ्रिकेत हिवतापाशी लढताना तेच घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2023 मध्ये या रोगाने जगात सुमारे 5,97,000 माणसे मेली. त्यांतली 95 टक्के आफ्रिका विभागातली, आणि तिथले चारांतले तीन मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे. औषध लावलेल्या मच्छरदाण्या मोठ्या निधीतून येतात. पण घरी आलेली मच्छरदाणी खाटेवर बांधली जाते की मासेमारीला जाते, हे ठरवायला गावात कोणीतरी ओळखीचे लागते. म्हणून नायजेरियात अबुजाचे तेव्हाचे आर्चबिशप जॉन ओनायेकन आणि सोकोटोचे सुलतान साद अबुबकर या कामासाठी एकत्र आले, आणि मच्छरदाणीखाली झोपण्याची गोष्ट शुक्रवारच्या नमाजात इमामांनी, रविवारी उपासनेत पाळकांनी सांगितली. मोझांबिकमध्येही 2006 पासून वेगवेगळ्या धर्मांची मंडळी असेच काम करतात. चुमा आणि अब्दुल्ला सुसी यांनी एकच खाट उचलली होती, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

त्या मुलीला आम्ही आता नकाशा दाखवणार आहोत: नाशिक, मुंबई, झांझिबार, चितांबो, बागामोयो. जेकब इंग्लंडमध्ये राहिला नाही. तो आफ्रिकेत परतला आणि 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला. तेही ठिकाण नकाशावर खूण करून ठेवले आहे.