बारा वर्षांच्या पोराचा धर्म कुणी ठरवायचा?

गेल्या आठवड्यात आमच्या कन्नमवार नगरातल्या पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं होतं. विषय एकच, शाळेतली सकाळची प्रार्थना. एक म्हणे हीच प्रार्थना का, दुसरा म्हणे आमच्या वेळी हीच होती, आम्ही काय बिघडलो? तिसऱ्याने नेहमीप्रमाणे गुड नाइटचा फोटो टाकला. शाळेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाहीच.

सकाळी डबा भरताना माझ्या सहावीतल्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही सगळे भांडताय, पण आम्हाला कुणी विचारलं का?" मी म्हटलं, तू आधी दूध पी. बापाकडे उत्तर नसलं की दूध आठवतं.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. आणि मग आठवलं, की आपल्याच मुंबईत या प्रश्नावर कोर्टकचेरी झाली होती. तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

झालं असं. 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने गिरगावात अंबरोलीला इंग्रजी शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजचं मूळ तेच. इंग्रजी आलं तर नोकरी, हे गणित तेव्हाच्या बापांनाही कळत होतं. त्यामुळे ब्राह्मण, प्रभू, पारशी अशी चांगल्या घरची पोरं तिथे जाऊ लागली. शाळेत बायबल शिकवतात हे आईबापांना माहीत नव्हतं असं नाही. इंग्रजी घ्यायचं, बाकीचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं, असा घरोघरचा हिशोब असणार. आज आपण तरी दुसरं काय करतो?

1839 च्या मे महिन्यात हा हिशोब चुकला. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हे सुप्रीम कोर्ट म्हणजे दिल्लीचं नव्हे. हायकोर्ट 1862 मध्ये आलं, त्याच्या आधीचं मुंबईचं कोर्ट. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्याला स्वतःचं बरंवाईट कळतं, असं कोर्टाने मानलं आणि तो मिशनऱ्यांकडेच राहिला. त्यानंतर शाळेतली पोरं भराभर काढून घेतली गेली.

चार वर्षांनी, 1843 मध्ये, पुन्हा तसंच घडलं. या वेळी ब्राह्मण घर. नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. हेच पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री, ज्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. नारायण वयाने मोठा होता, त्याच्याबाबत कायद्याने काही करता येण्यासारखं नव्हतं. पण त्याच्यामागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. वय बाराच्या आसपास. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो त्यांच्यात राहिला, जेवला. त्या काळी तेवढं पुरेसं होतं.

वडील कोर्टात गेले. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मुलगा अज्ञान, म्हणून हक्क बापाचा. मिशनऱ्यांच्या लिखाणात असं येतं की श्रीपत कोर्टात रडला आणि माझ्याकडून जबरदस्तीने मूर्तिपूजा करून घेणार का, असं त्याने विचारलं. हे लिहिणारे एका बाजूचे, त्यामुळे थोडं जपून वाचावं. पण बारा वर्षांचं पोर त्या गर्दीत रडलं असेल, यात मला तरी शंका वाटत नाही.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. कोर्टाने मुलगा घरी पाठवला, पण घराने घ्यायचा कसा? पोर बाटलं. कर्मठ म्हणाले, याला परत जातीत घेता येणार नाही. म्हणजे एका बाजूला मिशनरी म्हणतात हा आमचा, कोर्ट म्हणतं हा बापाचा, आणि जात म्हणते हा आमचा नाहीच!

तेव्हा मध्ये पडले बाळशास्त्री जांभेकर. आम्ही पत्रकार 6 जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालतो, 'दर्पण' 1832 ला त्या दिवशी निघालं म्हणून. हार घालणाऱ्या किती जणांना श्रीपतचं नाव माहीत आहे, विचारून बघा. मलाही डिप्लोमाच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत, दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. त्यांनी शास्त्राधाराने सांगितलं की लहान मुलाच्या हातून झालेल्या गोष्टीला प्रायश्चित्त आहे, त्याला परत घ्या. त्यासाठी ते झटले, सनातन्यांचा रोष अंगावर घेतला, आणि श्रीपतला शुद्ध करून घेतलं. पुढे 1846 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

माणूस मोठा, यात वाद नाही. त्या काळात हे करायला छाती लागते. तरीपण मला एक गोष्ट खटकते. बाळशास्त्रींनी मुलाला परत आणलं ते 'त्याला कळत नव्हतं' या मुद्द्यावर. पेरींनी बापाकडे दिलं ते थोडंफार त्याच मुद्द्यावर. आणि मिशनऱ्यांचा सगळा दावा 'त्याला कळतं' या मुद्द्यावर. पण समजा तो उलट वागला असता, ख्रिस्ती घरातलं पोर मुंज करून घ्यायला निघालं असतं, तर हेच मिशनरी त्याला कळतं असं म्हणाले असते का? मला नाही वाटत. पोराला कळतं की नाही, हे मोठी माणसं आपल्या सोयीने ठरवतात.

बारा वर्षांनी पुण्यात दुसरं चित्र दिसतं. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदाच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी. 1855 मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. तिचा मुद्दा साधा होता. धर्माची पुस्तकं आम्ही बघायचीसुद्धा नाहीत, मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावं. तिच्यासाठी कोणी कोर्टात गेलं नाही, कुणाला तिला परत घ्यायचं नव्हतं की पळवायचं नव्हतं. आणि तिलाच कळतं की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही. तिने विचारलं ते मात्र शास्त्री, मिशनरी, न्यायाधीश कुणालाच सुचलं नव्हतं. तीन वर्षांच्या शाळेत!

आज आपल्या घटनेचं कलम 28 आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत सक्ती नाही, संमती हवी. आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती कुणाची? पालकाची. म्हणजे तिथे आपण अजून पेरीसाहेबांच्याच बाकावर बसलोय. दुसरा मार्ग मला दिसतो असंही नाही. संमती सहावीतल्या मुलांवर सोपवली, तर जो मास्तर जास्त लाडका त्याचा धर्म वर्गाचा होईल.

1854 च्या वुडच्या खलित्यात एक बारीकशी तरतूद होती, ती मला आवडते. सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही, पण मुलाने आपणहून काही विचारलं, तर मास्तराने शाळेच्या वेळेबाहेर उत्तर द्यायला हरकत नाही. ती होती बायबलसाठी, हे खरं. पण आधी मुलाने विचारायचं, हा क्रम आमच्या ग्रुपवर कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, मुलीने टोकेपर्यंत.

शनिवारी संध्याकाळी पालकांची बैठक आहे. मी एवढंच मांडणार आहे, की आधी पाचवी ते सातवीच्या मुलांना अर्धा तास बोलू द्या, आपण गप्प बसू. हसतील लोक, हसू देत.

आपल्या टागोर नगर, पार्कसाइट, कन्नमवारमध्ये मिशनच्या शाळेत शिकलेली, मदरशात जाऊन आलेली, विहारात रविवारी बसणारी, संस्कारवर्गाला गेलेली बरीच मंडळी हे वाचतात. लहानपणी तुम्हाला कुणी विचारलं होतं का? कमेंटमध्ये लिहा. भांडू नका, आठवण लिहा.