चार अक्षरांचा वीर



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आज मात्र मी अशा एका वीराविषयीं बोलणार आहें, कीं जो प्रत्यक्षांत कधीं जन्मलाच नाहीं. २७ मे १९८६ रोजीं जपानांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नांवाचा व्हिडिओ गेम विक्रीस आला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या या खेळाची रचना युजी होरी यांची, चित्रें अकिरा तोरियामा यांचीं व संगीत कोइची सुगियामा यांचें. त्याचा नायक म्हणजे रोतो नांवाच्या प्राचीन योद्ध्याचा एकाकी वंशज. या वीराचा स्वभाव व सामर्थ्य हीं दोन्ही जपानी लिपीनें घडविलीं, हें मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम लिपीकडे वळूं. जपानला स्वतःची लिपि नव्हती. त्यानें चिनी चित्राक्षरें घेतलीं. परंतु चिनी व जपानी या भाषांची घडण अगदीं भिन्न. म्हणून नवव्या शतकाच्या सुमारास कांहीं चिनी अक्षरें झिजवून त्यांपासून केवळ उच्चार दाखविणाऱ्या दोन अक्षरमाला तयार झाल्या. भरधांव लिहितांना वळणदार झालेली ती हिरागाना, आणि बौद्ध भिक्षूंनीं पोथींतील ओळींशेजारीं खुणा करण्यासाठीं अक्षरांचे तुकडे घेऊन बनविली ती काताकाना. विद्वान पुरुष चिनी अक्षरांतच लिहिण्यांत भूषण मानीत, तरी इ. स. १००० च्या सुमारास मुरासाकी शिकिबू या स्त्रीनें ‘गेंजी’ ही महाकथा प्रामुख्यानें हिरागानांतच लिहिली. साध्या लिपीचें बळ त्या वेळींच सिद्ध झालें होतें.

या अक्षरमालेचा क्रम ऐकून आपणांस नवल वाटेल. अ, इ, उ, ए, ओ. पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व. हा आपल्याच वर्णमालेचा नातलग आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृताचा अभ्यास व सिद्धम् लिपि तिकडे गेली, इ. स. ८०४ मध्यें चीनला गेलेला कूकाइ हा भिक्षु त्या विद्येचा मोठा वाहक होता. त्या अभ्यासांतूनच हा क्रम जपानांत रुजला.

आतां एक कटु प्रसंग सांगतों. महायुद्धांतील पराभवानंतर १९४६ सालीं अमेरिकेचें शिक्षणमंडळ जपानांत आलें आणि शाळांतून रोमन लिपि स्वीकारावी, अशी शिफारस त्यानें केली. आपली लिपि ही प्रगतीच्या वाटेवरील धोंड आहे, असें पराभूत राष्ट्राला सांगण्यांत आलें. जपाननें चिनी अक्षरांची संख्या मर्यादित केली, पण लिपि टाकली नाहीं. बरोबर चाळीस वर्षांनीं हा खेळ आला.

त्या खेळाच्या कार्ट्रिजमध्यें अवघी ६४ किलोबाइट जागा होती; आजच्या एका साध्या छायाचित्रासही याहून अधिक लागते. तींत गुंतागुंतीच्या चित्राक्षरांना ठाव कोठून मिळणार? सारे संवाद हिरागानांत लिहावे लागले. काताकानाच्या ४६ अक्षरांपैकीं तर फक्त २० घेतां आलीं. राक्षस आणि मंत्र यांचीं नांवें होरींनीं या वीस अक्षरांतूनच जुळविलीं. जखम भरून काढणारा ‘होइमि’ हा मंत्र अशाच तीन अक्षरांचा आहे. दारिद्र्यांतून शोभा निर्माण करणें यालाच म्हणतात.

आणि तो वीर? खेळणारें मूल त्याला चार अक्षरांपर्यंतचें नांव देतें. त्या अक्षरांच्या हिशेबावरून त्याचे कोणते गुण भरभर वाढतील आणि कोणते जरा मागें राहतील, हें ठरतें. बळ, चपळता, प्राणशक्ति व मंत्रशक्ति हे ते गुण. आरंभीं तो दुबळा असतो. तिसऱ्या पायरीवर त्याला होइमि मंत्र येतो, चौथीवर अग्नीचा; अशा तीस पायऱ्या त्याला स्वकष्टानें चढावयाच्या असतात. सोबती एकही नाहीं. बोलणेंही जवळजवळ नाहीं; विचारलें असतां ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. त्याच्या मौनांत खेळणाऱ्या मुलाचें मन मावावें, हाच त्यांतील हेतु. शेवटीं नागराज त्याला अर्धें जग देऊं करतो. ‘होय’ म्हणणाऱ्याचा नाश होतो. विजयानंतर राजा सिंहासन देऊं लागतो, तेव्हां मात्र हा अबोल वीर तोंड उघडतो आणि आपलें राज्य आपणच शोधीन, असें सांगून निघून जातो.

खेळ थांबवितांना त्याची नोंद ठेवण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती. म्हणून राजा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देई. तीं वीस हिरागाना अक्षरें पांच, सात, पांच, तीन अशा गटांत मांडलेलीं असत. पहिले तीन गट हायकूच्याच मापाचे. वीराचें नांव, अनुभव, धन, शस्त्रें, सारें त्या वीस अक्षरांत साठविलेलें असे. मुलें तीं कागदावर उतरून घेत. ‘नु’ आणि ‘मे’, ‘रु’ आणि ‘रो’ हीं अक्षरें दिसावयास फार सारखीं. एक जरी चुकलें तरी मंत्र चुकल्याचें उत्तर येई आणि कित्येक दिवसांचे श्रम वायां जात. १९८७ च्या दुसऱ्या भागांत हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. १९८८ च्या तिसऱ्या भागांत विद्युत्घटाच्या साहाय्यानें नोंद ठेवण्याची सोय झाली, आणि वहींतील मंत्रांची गरज सरली.

मीं आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकविलें. अक्षर नीट काढा, कारण त्यावर अर्थ अवलंबून असतो, असें आम्ही शिक्षक वर्षानुवर्षें सांगत आलों; मुलांना तें कितपत पटलें, देव जाणे. त्या खेळानें तेंच एका रात्रींत पटविलें. ज्या लिपीला अडगळ ठरविण्यांत आलें होतें, तिच्या वीस अक्षरांत एका वीराचे प्राण सुखरूप राहत होते. कोणतीही लिपि जुनी झाली म्हणून टाकाऊ होत नाहीं. तिच्यांत नवें कांहीं लिहिणारा मिळाला कीं ती पुन्हा तरुण होते. आपल्या लिपीचा विचार करतांना ही गोष्ट आपण ध्यानीं ठेवावी, एवढीच विनंति.