मायकेल कर्बी : अल्पमतातले न्यायमूर्ती

ऑस्ट्रेलियात देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाला 'हायकोर्ट' म्हणतात. मायकेल कर्बी १९९६ ते २००९ या काळात तिथे न्यायमूर्ती होते. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी पदावर असतानाच उघड केले, तेही भाषण किंवा मुलाखत न देता.

कर्बींचा जन्म १९३९ मध्ये सिडनीत झाला. ११ फेब्रुवारी १९६९ रोजी त्याच शहरात त्यांची योहान व्हान फ्लोटेन या मूळच्या डच तरुणाशी भेट झाली आणि दोघे एकत्र राहू लागले. त्या काळी न्यू साउथ वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. तो कायदा १९८४ मध्ये गेला. त्याच वर्षी कर्बी त्या राज्याच्या अपील न्यायालयाचे अध्यक्ष झाले. न्यायाधीश ते त्याआधीच झाले होते; म्हणजे न्यायदानाच्या कारकिर्दीची पहिली वर्षे ते अशा नात्यात जगले, जे कायद्याच्या लेखी गुन्हा होते.

१९७५ मध्ये ते राष्ट्रीय कायदा सुधारणा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. आयोगाच्या सुनावण्या त्यांनी बंद दाराआड ठेवल्या नाहीत. कायद्याच्या मसुद्यावर सामान्य माणसाचेही म्हणणे ऐकले. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणावरचा १९७७ चा अहवाल याच काळातला. पुढे अनेक राज्यांनी त्यावरून कायदे केले.

भारताशी त्यांचा संबंध आला तो १९८८ मध्ये. न्या. पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने बंगळुरूत निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश जमले होते. देशातला कायदा संदिग्ध असेल, तर न्यायाधीशाने आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या तत्त्वांचा आधार घ्यावा, असे तिथे ठरले. कर्बींनी हा विचार आयुष्यभर सोडला नाही, आणि सहकाऱ्यांशी त्यांचे सर्वाधिक खटके उडाले तेही यावरूनच.

'हूज हू' या परिचयकोशाच्या १९९९ च्या आवृत्तीत कर्बींच्या नोंदीत जोडीदार म्हणून योहान यांचे नाव छापून आले. बस, एवढेच. तीस वर्षांचे सहजीवन एका ओळीत जाहीर झाले.

त्याची किंमत मार्च २००२ मध्ये मोजावी लागली. सिनेटर बिल हेफरनन यांनी संसदेच्या विशेषाधिकाराच्या आडून, कर्बी सरकारी गाडी तरुण मुलांसाठी वापरतात, असा आरोप केला. पुरावा म्हणून दाखवलेली गाडीची नोंद आठवडाभरातच बनावट ठरली आणि हेफरनन यांना सिनेटमध्ये माफी मागावी लागली. कर्बींनी ती स्वीकारली. रागावायचा पुरेपूर हक्क असलेल्या माणसाने तेवढ्यावर विषय संपवला.

त्यांची खरी ओळख मात्र भिन्नमताच्या निकालपत्रांमुळे आहे. सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या खटल्यांत ते बहुमताच्या विरोधात गेले. टीकाकारांना हा हेका वाटे, आणि काही प्रकरणांत ती टीका अगदीच निराधार नव्हती. पण २००४ च्या अल-कातेब खटल्याचे तसे नाही. अल-कातेब हा कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेला पॅलेस्टिनी. त्याला घ्यायला एकही देश तयार नव्हता. मग त्याला अनिश्चित काळ कोठडीत ठेवता येईल का? चार न्यायाधीश 'हो' म्हणाले, तिघे 'नाही'. त्या तिघांत कर्बी होते, आणि बंगळुरूचाच मुद्दा त्यांनी इथे मांडला. राज्यघटनेचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा आणणे हे पाखंड आहे, असे बहुमतातल्या मॅक्ह्यू यांनी सुनावले.

निवृत्ती जवळ आली तेव्हा एक साधाच प्रश्न उरला होता. न्यायाधीशाच्या पश्चात पत्नीला निवृत्तिवेतन मिळे, समलिंगी जोडीदाराला नाही. हा भेद २००८ च्या कायदादुरुस्तीने मिटला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कर्बी निवृत्त झाले. २०१३ मध्ये उत्तर कोरियातील मानवी हक्कांच्या चौकशीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. तिथेही त्यांनी आपली जुनी पद्धत सोडली नाही. देशातून निसटून आलेल्यांच्या साक्षी सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये उघडपणे नोंदवल्या गेल्या.

११ फेब्रुवारी २०१९ रोजी, पहिल्या भेटीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, कर्बी आणि योहान यांनी लग्न केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने अल-कातेबचा निकाल चुकीचा ठरवला आणि अशी अनिश्चित काळाची कोठडी घटनाबाह्य असल्याचे एकमताने सांगितले. कर्बी तेव्हा ८४ वर्षांचे होते.