वांगणीचा फलाट आणि महानायकांच्या चोपड्या

महानायकांच्या सचित्र चोपड्यांवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण पहिला महानायक निघाला तोच मुळी मजुराचा कैवारी म्हणून.

जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि तिसऱ्याच अंकात तो खाणीत उतरला. खाण कोसळून एक मजूर जायबंदी झालेला. मालक म्हणतो, हा त्याचाच निष्काळजीपणा. पुढे हाच मालक मेजवानीच्या पाहुण्यांना गंमत म्हणून खाण दाखवायला नेतो, तेव्हा सुपरमॅन वाट बुजवून सगळ्यांना आत कोंडतो. सुरक्षेची साधने निकामी आहेत हे मालकाला तिथे, अंधारात, स्वतः कळते. मग खाण सुधारण्याचे वचन! आमच्या कोणत्याही वाटाघाटी इतक्या झटपट मिटल्या नाहीत.

या गोष्टीचे कर्ते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले होते. पुढे कोर्टकज्जे झाले, पदरात फारसे काही पडले नाही. १९७५ साली ओरड झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर देऊ केले. तोवर चित्रे काढणाऱ्या शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. खाणमजुराला न्याय देणाऱ्या नायकाला आपल्या बापांसाठी काही करता आले नाही.

आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाले आणि वेताळ घरोघर पोचला. मीही ते अधाशासारखे वाचले. जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या करायचे, हे तेव्हा खटकले नाही. १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला. तोवर नायकाने खाण केव्हाच सोडली होती. त्याचा शत्रू आता अंधाराचा सम्राट होता. अंधाराच्या सम्राटाकडे हजेरीपट मागता येत नाही.

अलीकडच्या मालिकांत 'मिस मार्व्हल'चा (२०२२) पाचवा भाग मला आवडला. फाळणीच्या धामधुमीत कराचीला जाणारी गाडी सुटते आहे आणि गर्दीत एक लहान पोर हरवली आहे. नायिका उजेडाच्या पायऱ्या उभ्या करते. पोर त्यांवरून बापाकडे पोचते. प्रसंग सुरेख आहे. पण त्या स्थानकावर सिग्नल देणारा, बावटा धरणारा कोणी दिसत नाही.

आपल्या वांगणीच्या फलाटावर तो दिसला. १७ एप्रिल २०२१. वांगणीत अंध कुटुंबे बरीच. लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून अनेकजण पोट भरतात. दृष्टी अधू असलेल्या एका मातेचे मूल फलाटाच्या कडेवरून रुळांवर पडले. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाले, मयूर शेळके कामावर होते. ते गाडीच्या दिशेने रुळांतून धावले, मूल वर ढकलले आणि स्वतः वर चढले, तेवढ्यात गाडी आली. आपलाही जीव जाईल असे मनात येऊन गेले, हे त्यांनी नंतर सांगितले. चोपडीतला नायक असे सांगत नाही, कारण त्याला गोळीच लागत नाही.

आनंद महिंद्रांनी लिहिले की, शेळके यांच्या अंगावर नायकाचा पोशाख नव्हता, तरी पडद्यावरच्या नायकांहून त्यांचे धैर्य मोठे. त्यांना मोटारसायकल मिळाली. रेल्वेच्या ५० हजारांच्या बक्षिसातले निम्मे त्यांनी त्या मुलासाठी देऊ केले. कौतुक योग्यच होते. पण माणसाला महानायक म्हटले की तो कोणत्या पदावर होता, हे विसरायला होते. गाडीला बावटा दाखवणे हे त्यांचे काम होते, म्हणूनच त्यांची नजर रुळांवर होती. मार्च २०२४ च्या आकडेवारीत रेल्वेच्या सुरक्षा वर्गातल्या सुमारे १० लाख मंजूर पदांपैकी दीड लाखांहून अधिक रिकामी होती. वांगणीतले ते पद त्या दिवशी भरलेले होते.