अर्स्टव्हाइल मद्रास

चेन्नईत एका घराला दोन क्रमांक असतात. फाटकावरच्या पाटीवर वर ‘न्यू नंबर 24’ आणि खाली ‘ओल्ड नंबर 11’ अशी जोडी दिसते. महापालिकेने घरांना नवे क्रमांक दिले, पण जुने पुसून टाकायच्या भानगडीत कुणी पडले नाही. खरेदीखतात जुना क्रमांक आहे आणि तो बदलायचा तर पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढणे आले. त्यामुळे लग्नपत्रिकेपासून वकिलाच्या नोटिशीपर्यंत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातात.

रस्त्यांचीही तीच कथा. माउंट रोड आता अण्णा सालै आहे, मोब्रेज रोड टीटीके रोड आणि एडवर्ड इलियट्स रोड डॉ. राधाकृष्णन सालै. अण्णा सालैवर 1973 मध्ये बांधलेल्या उड्डाणपुलाचे सरकारी नाव अण्णा फ्लायओव्हर. रिक्षावाल्याला मात्र ‘जेमिनी’ म्हटले की पुरते. एस. एस. वासन यांचा जेमिनी स्टुडिओ, जिथे 1948 चा ‘चंद्रलेखा’ झाला, तो तिथून केव्हाच उठला. चौकाने त्याचे नाव सोडले नाही.

अशा शहरात इंग्रजी लिहिणाऱ्याला ‘पूर्वीचे’ हा शब्द पदोपदी लागतो. लंडनचा वार्ताहर अशा वेळी ‘फॉर्मर’ लिहून मोकळा होतो. चेन्नईचा बातमीदार, कारकून, वकील यांच्या हाताला आधी येतो तो ‘अर्स्टव्हाइल’. अर्स्टव्हाइल मद्रास प्रेसिडेन्सी, अर्स्टव्हाइल संस्थान, अर्स्टव्हाइल जिल्हा. इंग्लंडात हा शब्द आज थोडा पुस्तकी, थोडा मिश्कील वाटतो. भारतात तो बिनदिक्कत सरकारी पत्रात जातो.

त्याचे कूळ मात्र जुने आहे. ‘एअर’ म्हणजे आधी. त्याचे सर्वांत पुढचे रूप ‘अर्स्ट’, म्हणजे सर्वांत आधी. त्याला वेळ या अर्थाचा ‘व्हाइल’ जोडला गेला आणि सोळाव्या शतकात ‘एके काळी’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण तयार झाले. नामाआधी विशेषण म्हणून तो बसू लागला तो जवळजवळ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्याची आजची ओळख त्याच्या वयाच्या मानाने फारच ताजी. गंमत अशी की ‘फॉर्मर’चे मूळही ‘पहिला’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी ‘फॉर्मा’तच आहे. जे होऊन गेले त्याला इंग्रजीने ‘पहिले’ म्हटले. विदर्भातला माणूस ‘पहिले इथे विहीर होती’ म्हणतो, तसेच.

इंग्रजीत या कामाला आणखी बरेच शब्द राबले. कवी चॉसरच्या काळात ‘व्हायलम’ होता, तो आता फक्त शब्दकोशात भेटतो. लॅटिनमधून ‘क्वॉन्डम’ आला. पदावरून उतरलेल्या माणसाला ट्यूडर काळात नुसते ‘क्वॉन्डम’च म्हणत. फ्रेंच क्रांतीत सरदारक्या रद्द झाल्या, तेव्हा बिनपदाच्या सरदारांसाठी रूढ झालेला ‘सी-दव्हाँ’ इंग्रजांनीही उचलला. फ्रेंचमधलाच ‘ने’, म्हणजे ‘जन्माने’, विवाहितेच्या माहेरच्या आडनावाआधी लागला. ‘लेट’ हा त्यातला सर्वांत जपून वापरायचा: जागा सोडलेल्या माणसालाही तो लागत असे, पण एरवी तो आपल्या ‘कैलासवासी’च्या घरचा. आणि ‘एक्स’, म्हणजे ‘बाहेर पडलेला’. अमेरिकेतले ‘व्हेटरन’, म्हणजे माजी सैनिक, भारतात ‘एक्स-सर्व्हिसमन’ झाले आणि तमिळनाडूने त्यांच्यासाठी काढलेल्या महामंडळाचे नावही ‘टेक्सको’. त्यातला ‘एक्स’ तोच. कधी असा एक शब्द पुरलाही नाही: गायक प्रिन्सने 1993 मध्ये नाव टाकून नुसते चिन्ह घेतले, तेव्हा जगाने त्याला ‘पूर्वी प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा कलावंत’ असे लांबलचक नाव दिले. 2000 मध्ये तो मूळ नावावर परतला.

भारतात ‘अर्स्टव्हाइल’चे नशीब उघडले ते बहुधा संस्थानांमुळे. 1947 नंतर संस्थाने विलीन झाली, पण राजे होते, वाडे होते आणि 1971 च्या घटनादुरुस्तीपर्यंत तनखेही होते. त्यांना ‘माजी’ म्हणावे तर निवडणूक हरलेल्या आमदारासारखे वाटते; ‘अर्स्टव्हाइल’मध्ये थोडा अदबीचा सूर राहतो. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य तर कंपनीने 1855 मध्येच घशात घातले, पण घराण्याच्या उल्लेखाआधी इंग्रजी बातमीत हा शब्द आजही येतो. त्या मानाने मराठीची विभागणी रोखठोक आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘माजी’ पदासाठी, आणि संन्याशाच्या मागच्या आयुष्यापासून निघालेला ‘पूर्वाश्रमीचा’ माणसासाठी. बंगळुरूच्या मराठी घरातले बस कंडक्टर शिवाजीराव गायकवाड मद्रासला आले आणि 1975 च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये रजनीकांत म्हणून पडद्यावर उतरले. त्यांना माजी गायकवाड कुणी म्हणणार नाही. पूर्वाश्रमीचे गायकवाड चालतात.

मद्रासमध्ये एक ‘पूर्वीचे’ पुरतही नाही. सेंट जॉर्ज किल्ल्याला लागून ब्लॅक टाउन नावाची देशी वस्ती होती. 1746 मध्ये फ्रेंचांनी शहर घेतले, 1749 मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले आणि या उलाढालीत तोफांच्या माऱ्याला मैदान मोकळे हवे म्हणून ती वस्ती जमीनदोस्त झाली. लोक उत्तरेला सरकले. तिथे नवे ब्लॅक टाउन उभे राहिले आणि पुढे पंचम जॉर्जच्या नावाने त्याचे जॉर्ज टाउन झाले. म्हणजे ‘अर्स्टव्हाइल ब्लॅक टाउन’ म्हणणाऱ्याला ‘कोणते?’ असे विचारावेच लागते.

पहिल्या ब्लॅक टाउनच्या जागेवर आज हायकोर्टाचे आवार आहे आणि नावांचा खरा घोळ तिथेच आहे. तो कळायला आधी राज्याचे आणि शहराचे नाव पाहावे लागते. मद्रास राज्याचे तमिळनाडू झाले 14 जानेवारी 1969 रोजी, अण्णादुराई मुख्यमंत्री असताना. त्या कायद्याचे नाव ‘मद्रास स्टेट (नाव बदल) अधिनियम, 1968’. शहराचे चेन्नई झाले 1996 मध्ये, करुणानिधींच्या सरकारात. त्या कायद्याचे नाव ‘सिटी ऑफ मद्रास (नाव बदल) अधिनियम’. मद्रास पुसायला निघालेले दोन्ही कायदे मथळ्यावर मद्रास मिरवतात. तिथे ‘अर्स्टव्हाइल’ची गरज नाही, कारण कायदा लिहिला त्या क्षणी नाव मद्रासच होते.

हायकोर्ट मात्र राहिलेच. राणी व्हिक्टोरियाच्या सनदेने 1862 मध्ये स्थापन झालेले हे न्यायालय शहराच्या नावाबरोबर आपोआप बदलत नाही. त्याला संसदेचा कायदा लागतो. 2016 मध्ये केंद्राने तसे विधेयक लोकसभेत आणले, मुंबई आणि कोलकात्याच्या हायकोर्टांसकट. त्यात चेन्नई हायकोर्ट असे नाव सुचवले होते. तमिळनाडू विधानसभेने ठराव केला, की चेन्नई नको, तमिळनाडू हायकोर्ट म्हणा. हायकोर्ट काही एकट्या शहराचे नाही, मदुरैलाही त्याचे खंडपीठ आहेच. विधेयक पुढे सरकले नाही. वकिलांची पत्रे अजून ‘मद्रास हायकोर्ट, चेन्नई 600104’ या पत्त्यावर जातात आणि पोस्टमनला त्यात काही खटकत नाही.