कॉडलिंग पतंग : कीटकनाशक चाचणी

सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाच्या (सिडिया पोमोनेला) अळ्यांवर कीटकनाशकाची परिणामकारकता मोजण्याची पद्धती (→ जैव आमापन). लेड आर्सेनेटच्या दीर्घ वापरानंतर १९२८ मध्ये अमेरिकेत या किडीच्या दोन वाणांच्या प्रतिकारक्षमतेतील फरक नोंदला गेला (→ कीटकनाशक प्रतिरोध).

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या वेगवेगळ्या मात्रा दिलेल्या कृत्रिम खाद्यावर किंवा फळांवर सोडतात. तुलनेसाठी एक गट औषधाविना ठेवतात. त्यातील नैसर्गिक मृत्यू ॲबट सूत्राने (१९२५) वजा करून निम्म्या अळ्या मारणारी मात्रा काढतात. बागेतील चाचणीत फळावरील उथळ ओरखडे आणि गाभ्यापर्यंत गेलेली, तोंडाशी विष्ठा साचलेली छिद्रे स्वतंत्रपणे मोजतात.

अळी गाभ्यात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मात्रा व फवारणीची वेळ ठरविण्यास चाचणी उपयुक्त असते. भारतात ही कीड लडाखमध्ये आढळते (→ सफरचंद).